रोखीचा सौदागर : सर रॉबर्ट लेडलॉ

मुंबईत दादाभाई नवरोजी मार्गावरील ज्या इमारतीत पुढे खादी भांडार आले, ती मूळची एका विलायती दुकानाची. त्याचे संस्थापक सर रॉबर्ट लेडलॉ. १८५६ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या लेडलॉ यांनी १८८२ मध्ये कोलकात्यात व्हाइटअवे लेडलॉ ही पेढी काढली. साहेबलोक उधारीवर जगत, त्या काळात त्यांनी केवळ रोखीचा व्यवहार ठेवला. बेताच्या पगाराच्या गोऱ्या कारकुनाला कपडे, बूट, घरसामान एकाच छताखाली मिळू लागले. मुंबई, मद्रास, लाहोर, रंगून, शांघायपर्यंत शाखा निघाल्या.

१९०६ मध्ये लेडलॉ लिबरल पक्षातर्फे ब्रिटिश संसदेत गेले. अफूच्या व्यापाराला त्यांनी विरोध केला. साम्राज्याच्या छायेत श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्याने साम्राज्याच्या मिळकतीवर बोट ठेवावे, हे नवलच. १९०९ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

पेढी मात्र गोऱ्या गिऱ्हाइकावर उभी होती. स्वदेशीच्या चळवळीने विलायती मालाची प्रतिष्ठा ओसरली. १९४७ नंतर ते गिऱ्हाईकच बोटीत बसून निघून गेले. १९६२ पर्यंत कोलकात्याचे मुख्य दुकानही मिटले. चौरंगीवरील त्याची घुमटदार वास्तू आता मेट्रोपॉलिटन बिल्डिंग म्हणून ओळखली जाते.