एलीयाच्या वाटेने चाललेला योहान

बाप्तिस्मा करणारा योहान म्हटला की उंटाच्या केसांचे वस्त्र, कातड्याचा कमरबंद, टोळ आणि रानमध ही आपल्या शब्बाथ शाळेतील मुलांना तोंडपाठ असतात. परंतु हा पोशाख मुळात कोणाचा, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. योहानाच्या ८०० हून अधिक वर्षे आधी, आजारी पडलेल्या अहज्या राजाने केसाळ वस्त्र आणि कातड्याचा कमरबंद एवढ्याच खुणेवरून एलीया तिश्बीला ओळखले होते. म्हणून योहानाचे चरित्र एलीयाचे चरित्र जवळ ठेवूनच वाचावे.

आपल्या जुन्या कराराचे शेवटचे पुस्तक मलाखीचे. परमेश्वराच्या दिवसापूर्वी एलीया येईल, या अभिवचनापाशी ते थांबते. त्यानंतर सुमारे ४०० वर्षांनी जखऱ्या याजक मंदिरात धूप जाळीत असता गब्रीएल दूताने त्याला वर्तमान सांगितले की, उतारवयात अलीशिबेला पुत्र होईल आणि एलीयाचा आत्मा व सामर्थ्य यांनी युक्त होऊन तो प्रभूची वाट सिद्ध करील.

तिबेर्य कैसराच्या १५ व्या वर्षी, म्हणजे इ. स. २८-२९ च्या सुमारास, योहान यार्देनेकाठी उपदेश करू लागला. याच नदीपलीकडून एलीया वावटळीतून वर घेतला गेला होता. योहानाने जकातदारांना नेमलेल्यापेक्षा अधिक न घेण्यास आणि शिपायांना आपल्या पगारात तृप्त राहण्यास बजावले. एलीयाच्या प्रार्थनेने कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला. योहानाने मात्र एकही चमत्कार केला नाही. तो एलीया आहे काय, असे यरुशलेमेहून आलेल्या याजकांनी विचारले, तेव्हा त्याने साफ नाकारले. मोठे नाव आपणहून घेणाऱ्यांपैकी तो नव्हता.

पुढे हेरोद अंतिपाने आपली पत्नी टाकून भावाची बायको हेरोदिया घरात आणली. योहानाने राजाला तोंडावर दोष दाखविला. नाबोथाचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या अहाबालाही एलीयाने असेच सुनावले होते. दोन्ही राजे मनाने दुबळे. अहाब गोणपाट नेसून नमला. हेरोद योहानाला भीत असे, तरी त्याचे बोलणे आवडीने ऐके. दोघांच्या राण्यांनी मात्र संदेष्ट्याचा जीव घेण्याचा हट्ट धरला.

येथे आपण शिक्षकांनी थांबले पाहिजे. कर्मेलाचा विजय आपण रंगवून सांगतो. पण ईजबेलीच्या धमकीनंतर तोच एलीया रानात झुडपाखाली बसून मरण मागतो, तो धडा घाईने आटोपतो. योहानाचेही तसेच. मृत समुद्राच्या पूर्वेस मखेरस किल्ल्यात तो कैदेत होता, असे यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो. त्या अंधारातून त्याने शिष्य पाठवून येशूला विचारले की, येणारा तो हाच, की दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने यार्देनेत देवाचा कोकरा दाखवून दिला, त्यालाच ही शंका आली!

देवाने दोघांनाही टाकले नाही. एलीयाला प्रथम भाकर, पाणी आणि झोप दिली, मग होरेबावर मंद वाणीने भेट दिली आणि नवे काम सोपविले. योहानाला प्रभूने रागावून उत्तर दिले नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे जे दिसते ते जाऊन सांगा, असा निरोप पाठविला. निरोपे गेल्यावर लोकांसमोर त्याने योहानाची थोरवी गायिली आणि येणारा एलीया तो हाच, असे सांगितले. जे नाव योहानाने घेतले नव्हते, ते प्रभूने त्याच्या शंकेच्या दिवशी त्याला दिले.

एलीया ईजबेलीच्या हातून सुटला. योहान सुटला नाही. मेजवानीच्या रात्री तबकात त्याचे शिर आणले गेले. शिष्यांनी धड नेऊन पुरले. काही काळाने रूपांतराच्या डोंगरावर पेत्र, याकोब व योहान या शिष्यांनी एलीयाला गौरवात पाहिले. खाली उतरताना प्रभूने त्यांना सांगितले की, एलीया येऊन गेला, पण लोकांनी त्याला ओळखले नाही. तेव्हा त्यांना उमगले की, प्रभू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी बोलत आहे.

वर्गातील एखादे मूल प्रार्थनेनंतरही शंका घेऊन आले, तर त्याला गप्प करू नये. त्याला झुडपाखालचा एलीया आणि कैदेतील योहान, या दोघांपाशी न्यावे.