साने गुरुजींचा श्रोता : अमळनेरचा वर्ग आणि 'श्यामची आई'

पांडुरंग सदाशिव साने यांच्या नावाशी 'गुरुजी' ही उपाधी इतकी एकरूप झाली आहे, की ते वेतन घेणारे शिक्षक नेमके किती काळ होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. १७ जून १९२४ रोजी ते अमळनेरच्या शाळेत रुजू झाले. पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झालेली ही शाळा त्यांनी २९ एप्रिल १९३० रोजी सोडली. पन्नास वर्षांच्या आयुष्यातील ही जेमतेम सहा वर्षे. तथापि त्यांच्या गद्याची घडण समजून घ्यावयाची तर या सहा वर्षांकडेच वळावे लागते. समोर बसलेल्या मुलाचे मन निसटू न देता बोलावे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम तेथे उभा राहिला आणि त्यांच्या पुढील लेखनाचा मोठा भाग त्याच प्रश्नाशी झुंजत राहिला.

२४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे जन्म, उतरती कळा लागलेले खोताचे घर, दापोली, औंध, पुणे अशी वणवण करीत झालेले शिक्षण, १९१७ मध्ये आईचा मृत्यू, हा पूर्वार्ध मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. परंतु त्या शांत, ग्रंथमय वातावरणात त्यांचे मन रमले नाही. जवळच असलेल्या शाळेने त्यांना ओढून घेतले.

त्या काळचे माध्यमिक शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेकडे तोंड करून उभे होते. शिक्षकाने अर्थ सांगावा, मुलाने तो उतरवून घ्यावा आणि परीक्षेत परत करावा, अशी साधारण रीत होती. अशा वर्गात शांतता असते. परंतु शांतता आणि अवधान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अध्यापनाचा अनुभव असणाऱ्या कोणालाही सांगावयास नको. साने गुरुजींचे वेगळेपण असे, की अवधानाची तयारी त्यांनी वर्गाच्या बाहेर केली. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची भूमिका टाकून दिली. मुलांच्या खोल्या झाडणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करीत. घरापासून दूर आलेले, उदास झालेले मूल तासाला देहाने हजर असते, मनाने नसते. त्या मनापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांना व्याख्यानकौशल्यात दिसला नाही. तो मुलाच्या दैनंदिन जीवनात दिसला.

याच छात्रालयात त्यांनी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक सुरू केले. रात्री जागून ते एकटेच लिहीत आणि सकाळी मुलांना ताजा अंक वाचावयास मिळे. थोरांची चरित्रे, जगातील घडामोडी, कविता आणि छात्रालयात घडलेल्या बऱ्यावाईट गोष्टी असा मजकूर त्यात असे. यातील शेवटची बाब विशेष महत्त्वाची होय. आपल्याच वर्तनाची नोंद आज गुरुजींच्या अक्षरात आली असेल या जाणिवेने वाचणारा मुलगा हा केवळ ग्रहण करणारा राहत नाही. तो मजकुराचा विषयही होतो. पुढे 'विद्यार्थी' हे मासिक निघाले. दैनिकामुळे लेखकालाही शिस्त लागली. वाचकाचा चेहरा रोज दिसत असल्याने कंटाळवाणे वाक्य लपवावयास जागाच नव्हती.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात शाळा सुटली आणि तुरुंग सुरू झाला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य बंदींच्या सहवासात त्यांनी तमिळचा अभ्यास केला. शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला. त्याहून निर्णायक प्रसंग १९३२ चा. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. श्रोते होते साधे कैदी, विषय तत्त्वज्ञानाचा. घरगुती दृष्टान्तांनी अवघड विचार ऐकण्याजोगा कसा होतो, हे लेखणी हातात धरून अनुभवण्याची अशी संधी फार थोड्या शिक्षकांना मिळते. पुढच्याच वर्षी, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून झाला. या दोन घटनांमध्ये थेट कार्यकारण जोडण्याचा मोह आवरावयास हवा. परंतु त्यांचे सान्निध्य नजरेआड करणेही योग्य नव्हे.

'श्यामची आई'ची प्रकरणे 'रात्री' आहेत, हे वैशिष्ट्य अभ्यासकांनी बहुधा आत्मकथनाचा एक अलंकार म्हणून बाजूला सारले आहे. वस्तुतः ती बेचाळीस सत्रे आहेत. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर मंडळी जमतात, श्याम एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. त्या रात्रीपुरता एकच प्रसंग. आरंभ वस्तूपासून, उमलण्याआधी तोडलेल्या कळ्या, पानांची पत्रावळ, पोहण्याची विहीर. आणि अर्थ नंतर. शिवाय कथेतील आई स्वतःही ऐकवण्यापेक्षा करावयास लावणारी आहे. पत्रावळ न येणाऱ्या श्यामला ती शिकावीच लागते. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला विहिरीवर जावेच लागते. आई आणि कथक श्याम या दोन शिक्षकांची अशी एकात एक गुंफण या पुस्तकात आहे. त्यातला बाहेरचा शिक्षक अमळनेरमध्ये घडला.

साने गुरुजींच्या गद्यावरील भावविवशतेचा आक्षेप येथे टाळता येणार नाही. श्यामचे श्रोते गहिवरतात, क्वचित विचारतात, हरकत मात्र जवळजवळ घेत नाहीत. डोळ्यांत पाणी आलेला विद्यार्थी सक्रिय म्हणावा काय? आक्षेपात तथ्य आहे. अवधान मिळवण्याचे अश्रू हे प्रभावी साधन असले, तरी त्याने प्रश्न विचारण्याची गरज मंदावते. 'धडपडणारी मुले' या कादंबरीत मात्र, तिच्या कलात्मक उणिवा मान्य करूनही, पाऊल पुढे पडलेले दिसते. तेथील स्वामी हा गुरुजींचेच प्रतिरूप असून, त्याची मुले ऐकून थांबत नाहीत. ती कामाला लागतात. शीर्षकातील क्रियापदच शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे गेलेले आहे.

नंतरच्या वर्षांत श्रोता विस्तारत गेला. १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक निघाले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी त्यांनी उपोषण केले; तेथे शब्दांची जागा देहाने घेतली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू झाले आणि त्यातून त्यांनी पुतणी सुधा हिला पत्रे लिहिली. ती पुढे 'सुंदर पत्रे' म्हणून ग्रंथरूप झाली. फुले, पक्षी, पुस्तके, माणसे असा तोच छात्रालयीन ऐवज त्यांत आहे. फक्त समोर आता एकच मुलगी बसलेली आहे. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपली जीवनयात्रा संपवली.