बेगम रुकैया

तुम्ही रोज शाळेत जाता. पण एके काळी अनेक मुलींना घराबाहेर पडण्याचीही मोकळीक नव्हती. रुकैया त्यांपैकीच एक.

तिचा जन्म १८८० साली बंगालमधील पायराबंद या गावी झाला. घरात कडक पडदा होता. मुलींनी बंगाली, इंग्रजी शिकणे घरात पसंत नव्हते. रात्री सगळे झोपले, की मोठा भाऊ तिला मेणबत्तीच्या उजेडात शिकवी.

पुढे पती सखावत हुसेन यांनी तिला लिहिण्यास उत्तेजन दिले. १९०९ साली ते वारले. त्यांच्या नावाने रुकैयांनी १९११ साली कलकत्त्यात मुलींची शाळा काढली. सुरुवातीला मुली होत्या फक्त आठ!

पडदा मोडेल, या भीतीने पालक मुलींना पाठवत नसत. रुकैया घरोघर फिरल्या. मुलींसाठी त्यांनी बंद गाडी ठेवली. त्या स्वतःही बुरखा घेत. पडद्याच्या अतिरेकावर मात्र त्यांनी निर्भयपणे लिहिले. लोकांच्या चालीरीतींचा त्यांनी मान राखला. पण शिकण्याचा हक्क प्रत्येक मुलीचा आहे, हा आग्रह कधी सोडला नाही.

९ डिसेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची शाळा आजही सुरू आहे. मित्रांनो, तुमच्या शेजारी शाळा सुटलेली एखादी मुलगी असेल, तर तिच्या घरी जाल ना?