इंटरव्ह्यूला पिऊन गेलेल्या या इंजिनिअरने चिपमध्ये मरणारा सिग्नल वाचवला

नवी मुंबईत इंजिनिअरिंग कॉलेजांची कमी नाही. वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर, कुठंही जा, इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये एक सीन हमखास दिसणार. ब्रेडबोर्डवर आठ पायांची ७४१ आयसी खोचलेली, इनपुटला सिग्नल व्यवस्थित जातोय आणि आउटपुटला स्क्रीनवर नुसती सरळ रेघ. मग वायर हलवून बघ, सप्लाय तपास, आयसी बदल. तरी नाहीच जमलं तर शेजारच्या ग्रुपचं रीडिंग आहेच.

ब्रेडबोर्डवर निदान एकेक पिन तपासता येते. पण सिग्नल चिपच्या आतच मरत असेल तर? तिथं वायर हलवता येत नाही की पार्ट बदलता येत नाही. साठच्या दशकात ॲनालॉग चिप बनवणाऱ्यांचं हेच दुखणं होतं. त्यावर ज्याने इलाज शोधला, तो माणूस म्हणजे बॉब विडलर.

त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. वडील स्वतःच शिकून रेडिओ इंजिनिअर झालेले, त्यामुळे घरातच रेडिओचे सुटे भाग. १९५८ मध्ये गडी हवाई दलात गेला आणि तिथं जवानांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवू लागला. शिस्त मात्र त्याच्या रक्तात नव्हती. १९६१ मध्ये तो बाहेर पडला, कोलोरॅडोत नोकरी करत १९६३ मध्ये पदवी घेतली आणि त्याच वर्षी फेअरचाइल्ड कंपनीत इंटरव्ह्यूला गेला. किस्सा असा सांगतात की तो पिऊन गेला होता आणि वर समोरच्यालाच सुनावून आला की तुमची ॲनालॉग सर्किट्स भंगार आहेत. तरीही नोकरी मिळाली. वय २५.

आता मूळ दुखणं समजून घेऊ.

ॲम्प्लिफायरमध्ये एकापुढे एक स्टेज असतात. पहिली स्टेज सिग्नल मोठा करते आणि दुसरीकडे देते. समजा पहिलीचा आउटपुट रेझिस्टन्स १० हजार ओहम आहे आणि दुसरीचा इनपुटही १० हजार. झालं, अर्धा सिग्नल वाटेतच संपला. पुढच्या स्टेजला पुन्हा तेच. पाइपलाइनला जागोजागी गळती असावी तसं. सुट्या पार्ट्सचं सर्किट असेल तर इंजिनिअर मोठा रेझिस्टर लावतो, मध्ये कपॅसिटर टाकतो आणि भागवतो. चिपवर मोठा रेझिस्टर म्हणजे प्रचंड जागा, आणि कपॅसिटर म्हणाल तर अगदी चिमुकलाच बसतो.

बाकीचे लोक जुनंच सर्किट लहान करून चिपवर कोंबायला बघत होते. विडलरने हिशोब उलटा मांडला. चिपवर रेझिस्टर महाग आणि ट्रान्झिस्टर स्वस्त. शिवाय शेजारी शेजारी बनलेले दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावांसारखे असतात, एक तापला की दुसराही तेवढाच तापतो. मग कामं ट्रान्झिस्टरलाच लावायची!

त्याच्या नावाचा विडलर करंट सोर्स यातूनच आला. ३० व्होल्टच्या सप्लायवर १० मायक्रोॲम्पिअर एवढा बारीक करंट हवा असेल तर सरळ मार्गाने सुमारे ३० लाख ओहमचा रेझिस्टर लागतो. चिपवर हे अशक्यच म्हणा. विडलरने दोन जुळे ट्रान्झिस्टर घेतले. एकातून १ मिलिॲम्पिअर सोडला आणि दुसऱ्याच्या एमिटरला साधारण १२ हजार ओहमचा रेझिस्टर जोडला. काम फत्ते. पहिल्या बाजूचा रेझिस्टर धरला तरी सगळं मिळून ५० हजार ओहमच्या आत.

चिप प्रत्यक्षात बनवणारा त्याचा जोडीदार होता डेव्ह टॅल्बर्ट. दोघांनी आधी ७०२ काढली आणि १९६५ मध्ये ७०९. गेन सुमारे ४५ हजार. मार्केटमध्ये तुफान चालली, मागणी एवढी की कंपनीला माल पुरवता येईना.

पण ७०९ नखरेबाज होती. बाहेरून कपॅसिटर-रेझिस्टर नीट लावले नाहीत तर आपोआप ऑसिलेट व्हायची. आउटपुट शॉर्ट झालं तर जळायची. इनपुट मर्यादेबाहेर गेलं की आउटपुट एका टोकाला चिकटून बसायचं आणि सिग्नल गायब.

या तक्रारींवर उत्तर येईपर्यंत विडलरने कंपनी बदलली होती. फेअरचाइल्ड सोडताना दिलेल्या लांबलचक फॉर्ममध्ये त्याने कारण एकच लिहिलं म्हणे, श्रीमंत व्हायचंय. टॅल्बर्टला घेऊन तो नॅशनल सेमिकंडक्टरकडे गेला आणि १९६७ मध्ये एलएम १०१ आणली.

इथं त्याने गळतीवर नेमकं बोट ठेवलं. स्टेजच्या डोक्यावरचा रेझिस्टर काढला आणि तिथं करंट सोर्स म्हणून ट्रान्झिस्टर बसवला. असा ट्रान्झिस्टर सप्लायचे व्होल्ट फारसे खात नाही, पण सिग्नलला मात्र प्रचंड रेझिस्टन्स दाखवतो. सिग्नलला तिकडे वाट नाही, म्हणून तो पुढच्या स्टेजकडेच जातो. ७०९ मध्ये गेनच्या तीन स्टेज होत्या, १०१ मध्ये दोनच. तरी गेन गेला १ लाख ६० हजारांच्या आसपास. शॉर्ट झालं तरी जळायची नाही, चिकटून बसायची नाही. बाहेरून फक्त ३० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर लावायचा.

पुढं १९६८ मध्ये फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागरने तो कपॅसिटरही चिपच्या आत घेतला. तीच आपली लॅबमधली ७४१.

विडलरच्या खोड्यांवर तर वेगळा लेख होईल. पार्ट दगा देऊ लागला की तो हातोडा घेऊन त्याचा भुगा करायचा, म्हणजे तो परत कुणाला त्रास द्यायला नको. कंपनीने लॉन कापायचा खर्च बंद केला तेव्हा गाडीत घालून मेंढी आणली आणि ऑफिससमोर चरायला सोडली. एकदा सर्किटमध्ये कुठून तरी नॉइज येत होता. शोधता शोधता माग सॅन होजे विमानतळाच्या कंट्रोल टॉवरपर्यंत गेला. पठ्ठ्याने सरळ विमानतळावर फोन लावला आणि ट्रान्समीटर बंद करा म्हणून सांगितलं, असा किस्सा आहे. विनोद सोडा, पण फॉल्ट चिपबाहेरही असू शकतो हे त्याला कळत होतं. आपल्याकडे निम्मे लोक तोवर तिसरी आयसी बदलत असतात.

डिसेंबर १९७० मध्ये, ३३ व्या वर्षी, त्याने शेअर विकून सुमारे दहा लाख डॉलर केले आणि मेक्सिकोत समुद्रकिनारी पुएर्तो वायार्टाला जाऊन राहिला. नॅशनलसाठी बाहेरून काम चालूच ठेवलं. त्यातून आलेली एलएम १० साधारण १.१ व्होल्टवर, म्हणजे एका सेलवर चालायची. १९८१ मध्ये तो लिनिअर टेक्नॉलॉजी या नव्या कंपनीत सामील झाला, तिथंही वाजलं आणि १९८४ मध्ये बाहेर पडला.

२७ फेब्रुवारी १९९१ रोजी पुएर्तो वायार्टातच धावताना त्याला हार्ट अटॅक आला. तो ५३ वर्षांचा होता.