वालचंद हिराचंद : फडातला ऊस रुळांवरून गव्हाणीत

विरार : गाडी उशिरा आली की काय होतं, हे विरारकरांना सांगायला नको. उसाचंही तसंच. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरही कमी निघते.

उद्योजक वालचंद हिराचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. ते आधी रेल्वेचे ठेकेदार. लक्ष्मणराव फाटक यांच्या जोडीनं त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं येडशी-तडवळे काम केलं, पुढं बोरघाटातले बोगदेही.

मग ते शेतीकडं वळले. मालेगावजवळ रावळगावच्या माळरानावर ऊस उभा केला, 1933 मध्ये साखर कारखाना काढला. दुसरा इंदापूर तालुक्यात कळंबला. तेच आजचं वालचंदनगर. तिथं मळ्यांतून कारखान्यापर्यंत छोटे रूळ टाकले गेले. वाफेचं इंजिन उसाचे डबे ओढायचं. मळा आणि कारखाना एकाच हातात, त्यामुळं तोड, वाहतूक आणि गाळप यांचा मेळ बसवता यायचा.

8 एप्रिल 1953 रोजी वालचंद गेले. आता ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीनं येतो. पण काट्यावर पोचेपर्यंत जे वजन घटतं, ते आजही शेतकऱ्याच्याच पट्टीतून जातं.