खनिजांचे गणित मांडणारे डार्सी थॉम्पसन

शंख, शिंपले, हाडे, दात ही सजीवांनी उभारलेली खनिजांची बांधकामेच. त्यांना ना भट्टी लागते, ना साचा. मग त्यांना आकार कोण देते? डार्सी वेंटवर्थ थॉम्पसन यांनी या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा केला.

त्यांचा जन्म २ मे १८६० रोजी एडिनबर्गला झाला. काही दिवसांतच आई वारली. वडील ग्रीकचे प्राध्यापक. त्यामुळे मुलालाही प्राचीन भाषांची गोडी लागली. वैद्यकाचे शिक्षण सोडून ते केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले. १८८४ मध्ये, अवघ्या २४व्या वर्षी, ते डंडी येथे जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी सजीवांच्या आकाराचे कारण विचारले, की उत्क्रांतीकडे बोट दाखवले जाई. थॉम्पसन यांना हे उत्तर अपुरे वाटे. ताण, दाब, पृष्ठताण ही भौतिक बलेही आकार घडवतात, असे त्यांनी १९१७ मधील ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात मांडले. गिधाडाच्या पंखातील पोकळ हाडाला आतून तिरप्या आधारांनी बळकटी मिळालेली असते. लोखंडी पुलाच्या त्रिकोणी सांगाड्याशी असलेले त्याचे साम्य त्यांनी दाखवले. वजन कमी, पण भार पडतो तिथे आधार पक्का!

डच शास्त्रज्ञ हार्टिंग यांच्या प्रयोगांचीही त्यांनी दखल घेतली. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारख्या पदार्थात चुन्याचे क्षार साकळले, की टोकदार स्फटिकांऐवजी गोलसर, थरांचे कण तयार होतात. खनिज तेच, सोबतचा सेंद्रिय पदार्थ त्याचे रूप पालटतो.

आज नेमकी हीच बाब अभियंत्यांना खुणावते. शिंपल्याच्या चकचकीत अस्तरात सुमारे ९५ टक्के चुन्याचे खनिज आणि थोडीशी प्रथिने असतात. तरीही ते नुसत्या खनिजाहून कितीतरी चिवट असते. त्याच धर्तीवर सिरॅमिक आणि पॉलिमरचे थर रचून न तडकणारे पदार्थ घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. हाडासारखी जाळीदार रचना असलेली टायटॅनियमची रोपणे तर शस्त्रक्रियेत वापरलीही जातात.

थॉम्पसन यांनी आनुवंशिकतेला कमी महत्त्व दिले, ही त्यांची मर्यादा. पण जिज्ञासा अखेरपर्यंत ताजी होती. १९४७ मध्ये, ८६व्या वर्षी, ते भारतीय विज्ञान परिषदेसाठी दिल्लीला आले होते. २१ जून १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्यात त्यांनी बांधलेला पूल मात्र आजही वापरात आहे.