पंडिता रमाबाईंचें मातृत्व

पंडिता रमाबाईंचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा सुशिक्षित मनुष्य महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. त्यांची विद्वत्ता, केडगांवचें मुक्तिसदन, मूळ भाषांवरून त्यांनीं केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर, या गोष्टी आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असतील. परंतु रमाबाई एका मुलीच्या आई होत्या आणि त्या आईपणांत त्यांना पुष्कळ सोसावें लागलें, इकडे लोकांचें लक्ष कमी जातें. हा अंक विद्यार्थ्यांच्या घरींही वाचला जातो; म्हणून त्यांच्या चरित्राची ही बाजू येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें होतें. त्या माउलीनें तीच विद्या पुढें आपल्या धाकट्या मुलीस दिली. रमाबाई सहा महिन्यांच्या असतांना हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, तेव्हां त्या तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यांतून नेण्यांत आलें. पुढें वर्षानुवर्षें पुराणें सांगत तीं सर्व पायीं हिंडलीं. १८७४ सालीं दुष्काळाच्या उपासमारीनें प्रथम वडील गेले व थोड्याच आठवड्यांनीं आईही अंथरुणास खिळली. मरणोन्मुख आईसाठीं रमाबाई एका घरीं भाकरी मागावयास गेल्या, तों लज्जेनें तोंडांतून शब्द फुटेना. मोठ्या कष्टानें मागितलेली ती बाजरीची भाकरी मिळाली खरी, पण आईच्यानें ती खाववेना.

आईमागून थोरली बहीणही वारली. श्रीनिवास हा एक बंधु तेवढा राहिला. दोघें भावंडें १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविलें. १८८० सालीं तो भाऊही गेला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला व आसामांतील सिल्चर येथें संसार मांडला. १६ एप्रिल १८८१ रोजीं त्यांस कन्या झाली. तिचें नांव मनोरमा ठेविलें. याच घरांत त्यांच्या हातीं बंगाली भाषेंतील लूककृत शुभवर्तमान पडलें आणि ख्रिस्ताच्या चरित्राकडे त्यांचें मन ओढलें गेलें. परंतु हें सुख अल्पकाळचें ठरलें. ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पतीस पटकीनें नेलें. त्या वेळीं रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि मनोरमा दहा महिन्यांचीही नव्हती.

मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं स्त्रियांसाठीं आर्य महिला समाज स्थापिला. वैद्यकी शिकून देशभगिनींची सेवा करावी असें त्यांच्या मनांत होतें. ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहून त्यांनीं प्रवासापुरता पैसा उभा केला व १८८३ सालीं दोन वर्षांच्या मनोरमेसह विलायतेस प्रयाण केलें. तेथें कानांनीं दगा दिला. बहिरेपणामुळें वैद्यकीचा विचार सोडावा लागला. पण त्याच देशांत, पतित स्त्रियांस प्रेमानें जवळ करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचें कार्य पाहून, हें प्रेम कोठून येतें याचा शोध त्यांनीं घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुढें शिक्षणाकरितां चेल्टनहॅम येथें राहतांना त्यांस मनोरमेला वाँटेजच्या भगिनींच्या स्वाधीन करावें लागलें. लहानग्या मुलीस दूर ठेवणें कोणत्या आईस सोपें वाटेल? त्यांतच मुलीच्या धर्मशिक्षणाविषयीं मतभेद उत्पन्न झाला. जें मत आपल्या बुद्धीस अद्याप पटलेलें नाहीं, तें केवळ वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून मुलीच्या मनावर बिंबविलें जावें, हें रमाबाईंस मान्य नव्हतें. ज्यांच्या आश्रयास आपण आहों त्यांसच विरोध करणें अवघड होतें. तरी ईश्वरानें हें मूल आपल्या हवालीं केलें आहे, ही जबाबदारी त्यांनीं सोडली नाहीं.

अमेरिकेंत साहाय्य मिळवून त्या परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत त्यांनीं विधवांकरितां शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें त्या आपल्या खोलींत मनोरमेस घेऊन शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. यावरून १८९३ सालीं मोठें वादळ उठलें व पालकांनीं अनेक मुली काढून नेल्या. दार लावून घेतलें असतें तर वाद कदाचित् टळला असता; पण आपल्या लेकीबरोबर केलेली प्रार्थना चोरून करण्याची गोष्ट आहे असें त्यांस वाटलें नाहीं. विशेष हें कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं आपणांस ख्रिस्त खऱ्या अर्थानें लाभला, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. ज्यांचा विश्वास हळूहळू वाढतो त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील उपाशी मुलींची दैना ऐकतांच रमाबाई तिकडे धांवल्या. भुकेनें मरणारी आई त्यांनीं पाहिली होती. त्यांनीं सुमारें तीनशें मुली आणल्या. केडगांवच्या माळावर मुक्ति उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील कुटुंब सुमारें दोन हजारांवर गेलें. परदेशीं शिकून आलेल्या मनोरमाबाई आईच्या उजवा हात झाल्या. त्यांनीं मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळविली व गुलबर्गा येथें मुलींची शाळा चालविली. एके काळीं जिला एकच लेंकरूं उरलें होतें, तिला आतां शेंकडों मुली आई म्हणत होत्या.

परंतु १९२१ च्या जुलै महिन्यांत मनोरमाबाई आईच्या आधीं देवाघरीं गेल्या. त्रेसष्ट वर्षांच्या वृद्ध मातेनें हाही घाव सोसला. अनाथ मुलींचें पालन व शास्त्राच्या भाषांतराचें काम, दोन्ही तिनें सोडलीं नाहींत. भाषांतर तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला.

देवावर भाव ठेवला म्हणजे आपल्या मुलांवर संकट येणार नाहीं, अशी आशा बाळगणाऱ्या आया पुष्कळ आहेत. रमाबाईंस तशी हमी मिळाली नाहीं. आपण व आपलें मूल दोघेंही ज्याच्या हातीं आहों, तो मृत्यूनंतरही आपणांस सोडीत नाहीं, या आशेवर त्या जगल्या. आणि त्या आशेमुळें दुसऱ्याच्या लेंकरांस पोटाशीं धरण्याचें बळ त्यांच्या अंगीं शेवटपर्यंत राहिलें. आमच्या विद्यार्थ्यांच्या मातांपैकीं ज्यांच्या वांट्यास असें दुःख आलें असेल, त्यांना या चरित्रानें धीर यावा. आणि मुलांनीं आज घरीं जातांच आपल्या आईस एवढें विचारावें : आई, तूं जेवलीस काय?